झाडाच्या बदल्यात झाड, खाडीच्या बदल्यात काय?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

मुंबईत कुठेही पत्र्याचे कुंपण उभे राहिले की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘तोडतोय त्याच्या कितीतरी पट लावणार आहोत.’ या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे या एका वाक्याभोवती फिरतात. काही पत्रे एकत्र केली आहेत. नावे वाचकांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. आवारात ३१ झाडे आहेत. त्यांत दोन जुने आंबे, एक पिंपळ आणि ताम्हणांची रांग आहे. विकासक म्हणतो, एकाला तीन या हिशेबाने बदलापूरकडे रोपे लावून देतो. सही करण्याआधी आम्ही काय विचारावे?
– सोसायटीच्या सचिव, मुलुंड

‘एकाला तीन’ हा आकडा आधी बाजूला ठेवा. नागरी क्षेत्रांतल्या झाडांसाठीचा महाराष्ट्राचा कायदा १९७५ चा आहे. २०२१ च्या सुधारणेनंतर त्यात भरपाईचा हिशेब झाडाच्या वयावर आला : तोडायचे झाड जितक्या वर्षांचे, तितकी रोपे. ६० वर्षांच्या आंब्यामागे ६० रोपे. रोप लावताना ते सहा ते आठ फूट उंच हवे, त्याचे जिओ-टॅगिंग व्हायला हवे आणि पुढची सात वर्षे त्याची निगा राखायला हवी. ५० वर्षे किंवा त्याहून जुने झाड ‘हेरिटेज’ वृक्ष ठरते.  तुमचा अर्ज पालिकेच्या स्तरावर चालेल.

म्हणून पहिली मागणी झाडांच्या यादीची करा. विकासकाच्या यादीत सहसा जात, घेर आणि ‘तोडणे की पुनर्रोपण’ एवढेच रकाने असतात. वयाचा रकाना आणि ते वय कसे काढले याची ओळ मागून घ्या. रोपांची संख्या वयावर ठरत असल्याने वय कमी धरले गेले की जबाबदारीही कमी होते. सोसायटीची नोंदणी १९६८ ची असेल आणि आंबा त्याआधीचा असेल, तर जुना फोटो किंवा जुन्या नकाशावरची खूण हा पुरावा धरता येतो. तो अर्जासोबतच जोडा. हरकती मागवणारी सूचना वर्तमानपत्रात येते आणि झाडांवरही चिकटवतात. तिच्यातली मुदत चुकवू नका.

यापेक्षा मोलाची गोष्ट मात्र भरपाईच्या आधी येते. जगभर या विषयात एक क्रम मानला जातो : आधी नुकसान टाळा, मग कमी करा, मग जागेवरच दुरुस्त करा, आणि तरीही जे उरेल त्याचीच भरपाई दुसरीकडे करा. आपल्याकडे थेट चौथ्या पायरीवर उडी मारतात. वास्तुविशारदाकडून एकच नकाशा मागा, ज्यात प्रत्येक झाडाचे खोड, पानोऱ्याचा घेर आणि तळघराची रेषा एकावर एक काढलेली असेल. हद्दीलगतची काही झाडे इमारतीमुळे जात नाहीत. ती रॅम्पच्या वळणामुळे, पर्जन्यवाहिनीमुळे किंवा तळघर हद्दीपर्यंत ताणल्यामुळे जातात. ती नकाशावरच वाचवता येतात, आणि नकाशा मंजुरीला जाण्याआधीच वाचवता येतात.

पुनर्रोपणाचे आश्वासन मिळाले तर मुळांच्या गड्ड्याचे माप विचारा. ढोबळ नियम असा की खोडाच्या व्यासाच्या दहापट व्यासाचा गड्डा लागतो. खोड ३० सेंटिमीटरचे असेल तर गड्डा तीन मीटरचा झाला. एक मीटर खोल धरला तरी सात घनमीटर माती होते, म्हणजे दहा टनांहून जास्त वजन. त्याला मोठी क्रेन लागते आणि दोन-तीन महिने आधी चर खणून बाजूची मुळे टप्प्याटप्प्याने छाटावी लागतात, म्हणजे गड्ड्यात नवी तंतुमुळे धरतात. कोणी जेसीबीने मीटरभराचा गड्डा उचलून झाड हलवत असेल, तर ते झाड वर्षभरात वाळण्याची शक्यता मोठी. वड, पिंपळ, उंबर पुनर्रोपण बऱ्यापैकी सोसतात. जुना आंबा आणि जांभूळ सहसा सोसत नाहीत. पहिल्या पावसाचा काळ त्यातल्या त्यात बरा.

आणि बदलापूर? तिथे लागलेले झाड तुमच्या गल्लीला सावली देत नाही, तुमच्या नाल्याचे पाणी अडवत नाही, तुमच्या तांबटाला ढोली देत नाही. आधी आवार, मग वॉर्डातले मैदान किंवा रस्ता, आणि तिथे जागा नाही हे लेखी दाखवल्यावरच बाहेर, असा क्रम करारात घाला. ‘पोडियमवर बाग’ ही भरपाई मानू नका. स्लॅबवरच्या मीटरभर मातीत झुडपे जगतात, पिंपळ जगत नाही.

‘बायोडायव्हर्सिटी ऑफसेट’ आणि ‘निसर्गाचा बाजार’ हे शब्द अभ्यासक्रमात आहेत. साध्या भाषेत सांगाल का?
– विद्यार्थी, विलेपार्ले

मुंबईकराला हे टीडीआरवरून (हस्तांतरणीय विकास हक्कावरून) लवकर कळते. रस्त्यासाठी किंवा मैदानासाठी जमीन गेली की मालकाला पैशांऐवजी बांधकामाचा हक्क मिळतो. तो हक्क दुसऱ्या भूखंडावर वापरता येतो किंवा विकता येतो. एका ठिकाणचे गमावलेले दुसऱ्या ठिकाणी भरून देणे आणि त्या देवघेवीला कागदी एकक देणे, ही ऑफसेटच्या बाजाराचीही कल्पना. विकासक एका ठिकाणचा अधिवास नष्ट करतो, दुसरा कोणी दुसरीकडे अधिवास सुधारतो, त्या सुधारणेचे ‘क्रेडिट’ बनते आणि विकासक ते विकत घेतो.

पण टीडीआरच्या नियमांत दोन शहाणपणाच्या गोष्टी आहेत. १९९१ च्या नियमावलीत आरक्षणापोटी मिळालेला टीडीआर त्याच वॉर्डात किंवा त्याच्या उत्तरेकडच्या वॉर्डांत वापरायचा होता. दाटीच्या शहर भागात तो आणता येत नव्हता. म्हणजे देवघेवीला भूगोलाची चौकट होती. आणि २०३४ च्या विकास नियमावलीत तो रेडी रेकनरच्या दरांच्या गुणोत्तराने बदलून मिळतो. स्वस्त भागातला एक चौरस फूट महाग भागात एक चौरस फूट राहत नाही, कमी होतो. जागा बदलली की मोल बदलते, हे बांधकामाच्या नियमाला समजते. झाडांच्या आणि खाड्यांच्या हिशेबात तीच समज आपण अजून आणलेली नाही, आणि या विषयातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच आहे.

बाहेरच्या देशांचे अनुभव तपासण्यासारखे आहेत. अमेरिकेत पाणथळींसाठी ‘मिटिगेशन बँका’ आहेत. तिथे आधी पाणथळ दुरुस्त करायची, सरकारी तपासणीनंतर क्रेडिट मंजूर करून घ्यायचे, आणि मग ठरवून दिलेल्या सेवाक्षेत्रातच, बहुधा त्याच पाणलोटात, विकायचे. त्याआधी विकासकाने स्वतःच भरपाई करायची पद्धत जास्त चालत असे. २००१ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने निष्कर्ष काढला की ‘निव्वळ तोटा शून्य’ हे उद्दिष्ट पाणथळींच्या प्रत्यक्ष कार्याच्या बाबतीत साधत नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये विकासक निधीत पैसे भरून मोकळा होऊ शकतो. २०२२ मध्ये तिथल्या महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले की पैसे जमतात, पण हव्या त्या अधिवासाची क्रेडिटे बाजारात पुरेशी नसतात. जबाबदारी विकासकाकडून सरकारी विश्वस्त निधीकडे सरकते आणि तिथे साचते. इंग्लंडने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना आधीपेक्षा १० टक्के जास्त जैवविविधता आणि तिची ३० वर्षे देखभाल सक्तीची केली. त्यांचे मोजमाप उपयोगी आहे, ते पुढच्या उत्तरात वापरून दाखवतो.

प्रत्येक बाजारयोजनेला चार प्रश्न विचारायचे. बदली वस्तू त्याच जातीची आहे का? जवळ आहे का? ती सुधारणा या पैशांशिवाय झालीच नसती का? आणि ती किती वर्षे टिकेल? तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो. आधीच संरक्षित असलेल्या जंगलाला पुन्हा ‘संरक्षण’ देऊन क्रेडिट काढले, तर जमेच्या बाजूला काहीच आलेले नसते. नुकसानीची बाजू मात्र खरी असते.

कांदळवनाच्या बदल्यात तिप्पट लागवड करतात असे वाचले. तिप्पट म्हणजे भरपूर झाले ना? तरी ऐरोलीच्या बाजूला लावलेली रोपे मरताना का दिसतात?
– निवृत्त शिक्षक, ऐरोली

तिप्पट कशाच्या, हे आधी पाहू. २०११ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत तोडलेल्या कांदळवन झाडांच्या संख्येच्या किमान पाचपट लागवडीची अट होती. २०१९ च्या अधिसूचनेत बाधित क्षेत्राच्या तिप्पट क्षेत्रावर लागवड असे आले. वाचताना वाटते की पाचावरून तिनावर आलो. प्रत्यक्षात एककच बदलले. संख्या मोजणे कांदळवनात फसवे असते : दीड मीटर अंतराने लावत गेले की एका हेक्टरात ४४४४ रोपे बसतात, त्यामुळे हजारांचे आकडे चुटकीसरशी जमतात. क्षेत्र मोजणे त्याहून बरे. पण क्षेत्रालाही गुण लागतो आणि काळ लागतो.

एक हिशेब करून पाहू. आकडे आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत, रीत इंग्लंडच्या मोजमापाची. समजा दोन हेक्टर जुने, दाट, मिश्र कांदळवन जाणार आहे. वेगळेपणाला सर्वोच्च ८ गुण, अवस्थेला सर्वोच्च ३. हेक्टरी २४, दोन हेक्टरांचे ४८ एकक गेले. बदली जागा आधीच थोडी झाडे असलेली, रोडावलेली खाजण आहे : तिचे आजचे हेक्टरी ४ एकक. वीस वर्षांनी तिथे ८ गुणांचे, मध्यम अवस्थेचे (२ गुण) कांदळवन उभे राहील असे धरू, म्हणजे हेक्टरी १६. वाढ झाली १२ ची. पण काम मध्यम अवघड, म्हणून ०.६७ ने गुणायचे. फळ वीस वर्षांनी मिळणार, दर वर्षी साडेतीन टक्के कमी धरत गेले की ०.४९ उरतात. १२ × ०.६७ × ०.४९ = सुमारे ३.९. आता ४८ भागिले ३.९ केले की सव्वाबारा हेक्टर येतात. दोन हेक्टरांसाठी नुसती बरोबरी साधायला सहापटीहून जास्त जमीन, तीही सगळे सुरळीत झाले तर. ‘तिप्पट’ तुम्हाला भरपूर वाटले, कारण त्यात अपयशाचा आणि वाट पाहण्याचा हिशेब धरलेला नाही.

आता रोपे का मरतात. बहुतेक वेळा रोप निरोगी असते, चूक जागेच्या उंचीची असते. तिवर आणि कांदळ ही कांदळवनातली झाडे भरतीच्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागात वाढतात. भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या लहान) भरतीलाही तासन्‌तास बुडून राहणाऱ्या खालच्या चिखलात लावलेले रोप गुदमरते. त्याच्या खोडावर शेवाळ आणि कालवांसारखे कवचधारी जीव चढतात, लाटेबरोबर आलेले प्लास्टिक त्याला वाकवते. उलट बाजूला, बांधामुळे उधाणाचे पाणीही पोचत नाही अशा जागी माती मिठाने पांढरी होते आणि पावसाळ्यानंतर रोप करपते.

दुसरी चूक जागेच्या निवडीची. मोकळी चिखलपट्टी दिसली की ती ‘रिकामी’ समजून तिच्यावर लागवड करतात. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचे आणि तुतवारांचे ताट तीच चिखलपट्टी आहे. खाडीचा १६९० हेक्टरांचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत) गेला, तो या चिखलासकट. तिथे झाडे वाढवून एक अधिवास कमावताना दुसरा घालवायचा, आणि हिशेबाच्या वहीत दोन्हीकडे जमाच दाखवायची, हे आम्हाला मान्य नाही.

तिसरी चूक एकसुरीपणाची. तिवर सोपी म्हणून फक्त तिवर. जाते ते मिश्र रान असते : पाण्याच्या कडेला चिप्पी, मग तिवर, जागोजाग कांदळ, काजळा, मारांडी. पांढरी चिप्पी २०२० पासून राज्याचे कांदळवन-वृक्ष आहे, भरपाईच्या यादीत ती किती आहे ते विचारा.

चांगले काम असे चालते. आधी शेजारच्या निरोगी कांदळवनाची जमीन पातळी-यंत्राने मोजतात आणि बदली जागेची पातळी तिच्याशी ताडून पाहतात. मग पाणी का येत नाही ते शोधतात : जुना खारबांध, बुजलेली उघाडी (बांधातले पाण्याचे दार), रस्त्याखालचा अरुंद पाइप, राडारोड्याचा भराव. अडथळा काढला, लहान नाळी मोकळ्या केल्या की तिवरीचे बी पावसाळ्यात आपोआप तरंगत येते आणि रुजते. पहिली एक-दोन वर्षे नुसती पाहतात, आणि बी पोचत नसेल तिथेच रोपे लावतात. कांदळाची शेंग लावायची तर तिचा खालचा तिसरा हिस्सा चिखलात सरळ खोचतात, वरचा कोंब उघडा ठेवतात. या पद्धतीत खर्च खोदाईवर होतो, रोपांवर कमी. म्हणून ‘अमुक लाख रोपे’ असा फलक लावता येत नाही, आणि म्हणूनच ती कमी वापरली जाते.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवा. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग मानला, ५० मीटरचा संरक्षित पट्टा कायम ठेवला आणि तोड फक्त सार्वजनिक हितासाठी, न्यायालयाच्या परवानगीने, अशी चौकट दिली. बुलेट ट्रेनसाठी आधी ५० हजारांवर झाडे बाधित होणार होती. आराखडा बदलल्यावर ती सुमारे २२ हजारांवर आली आणि डिसेंबर २०२२ मध्ये तेवढ्यालाच परवानगी मिळाली. टाळणे शक्य असते, याचा हा आकड्यातला पुरावा. ती ३० हजार झाडे कुठल्याही लागवडीपेक्षा स्वस्तात वाचली.

आम्ही खाडीत वाणे लावून मासे धरणारे. आमच्याकडची तिवरं गेली तर लागवड दुसऱ्या जिल्ह्यात होईल म्हणतात. आमच्या निवट्यांचं, चिंबोऱ्यांचं, बोयांचं काय?
– कोळीवाड्यातील वाचक, गोराई

तुमचा प्रश्न या सगळ्या विषयाच्या वर्मावर बोट ठेवतो. ऑफसेटच्या हिशेबात निसर्गाची बेरीज शून्य आली तरी माणसांची येत नाही. तिवर गेली गोराईतून आणि रोपे लागली दूर कुठे, तर तिथल्या लोकांना कदाचित काही मिळेल, तुमचे निश्चित गेले. वनकायद्याच्या पर्यायी वनीकरणात बदली जमीन त्याच पाणलोटात असलीच पाहिजे असे बंधन नाही. हे टोकाला गेलेले उदाहरण ग्रेट निकोबारचे : तिथल्या सुमारे १३० चौरस किलोमीटर वर्षावनाच्या बदल्यातली लागवड हरियाणासारख्या कोरड्या राज्यात योजली गेली.

तुम्ही करू शकाल असे तीन उपाय. पहिला, नुकसान मासळीच्या भाषेत नोंदवा. उधाणाच्या आणि भांगाच्या प्रत्येकी चार-पाच दिवसांची नोंद वर्षभर ठेवा : कोणती वाट, कोणते जाळे किंवा वाण, किती किलो, कोणती जात, काय भाव. चिंबोरीची मादी अंड्यांवर कधी दिसते, जिताड्याची पिल्ले कोणत्या नाळीत येतात, हेही लिहा. दुसरा, ही माहिती पालिकेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत घालायचा लेखी आग्रह धरा. ती नोंदवही २००२ च्या जैविक विविधता कायद्यातली आहे, प्रकल्पाच्या अहवालात ‘मासेमारी नगण्य’ असे आले तर तिचा आधार होतो. तिसरा, जनसुनावणीत झाडांची संख्या बाजूला ठेवून मासेमारीच्या हक्काची भरपाई वेगळी मागा.

याला आधार आहे. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने बंदराच्या भरावामुळे मासेमारी गेलेल्या उरण-पनवेल भागातल्या १६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये देण्याचा आदेश दिला होता. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, म्हणजे वाट लांबची आहे. तरी निर्वाहाचे नुकसान मोजता येते हे त्यातून ठरले.

राज्याच्या कांदळवन कक्षाची २०१७ पासूनची उपजीविका योजनाही पाहा. खेकडापालन, जिताड्याचे पिंजरे, कालवे, निसर्गपर्यटन यांना गटांमार्फत अनुदान मिळते. पण ती राहिलेले कांदळवन राखणाऱ्यांसाठी आहे. गेलेल्याची भरपाई म्हणून कोणी ती पुढे केली तर स्वीकारू नका.

वनजमीन प्रकल्पाला दिली की सरकारला पैसे मिळतात. किती, आणि जातात कुठे?
– वाचक, डोंबिवली

दोन वेगळ्या रकमा असतात. एक, पर्यायी वनीकरणाचा खर्च : तेवढीच बिगर-वनजमीन आणि तिच्यावरची लागवड, किंवा ठरावीक प्रकरणांत दुप्पट क्षेत्राच्या अवनत वनजमिनीवर लागवड. दुसरी, जंगलाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’. वनसंरक्षणाच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे दर हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे मान्य केले. २०२२ मध्ये केंद्राने ते ९.५७ ते १५.९५ लाखांवर नेले. अभयारण्यात पाचपट, राष्ट्रीय उद्यानात दहापट.

दहा हेक्टर, म्हणजे जवळजवळ २५ एकर घनदाट जंगल, सर्वात वरच्या दराने १ कोटी ६० लाखांना पडते. उपनगरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटला एवढे पैसे लागतात. दर इतका कमी असला की कंपनीला मार्ग वळवण्यापेक्षा पैसे भरणे परवडते. किंमत लावल्याने जंगल वाचते हा बाजाराचा दावा खरा ठरायला किंमत टोचावी लागते.

पैसा २०१६ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय आणि राज्य निधीत जातो : ९० टक्के राज्याला, १० टक्के केंद्राला. वर्षानुवर्षे साचलेल्या रकमेपैकी ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने २७ राज्यांना ४७,४३६ कोटी रुपये दिले. २०१८ च्या नियमांप्रमाणे नियमित कर्मचाऱ्यांचे पगार आणि परदेश दौरे यांवर तो खर्च करता येत नाही. अडचण खर्चापेक्षा जमिनीची आहे. बदली लागवडीसाठी लागणारी जागा बहुधा कुणाच्या तरी वापरातली असते. गावाच्या सामूहिक वनहक्काच्या रानात मोहा-तेंदू ज्या उतारावर येतो, तिथे ग्रामसभेला न विचारता सागाचे रोपवन उभे केले, तर ते रोप गुरे खातील किंवा वणवा खाईल. चूक गुरांची नसते.

आमच्या कंपनीला सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) ‘ग्रीन क्रेडिट’ घ्यायचे आहे. काय तपासावे?
– सीएसआर अधिकारी, वांद्रे-कुर्ला संकुल

ग्रीन क्रेडिट म्हणजे लागवडीसारख्या कामाबद्दल मिळणारे सरकारी एकक. त्याचे नियम ऑक्टोबर २०२३ चे आहेत, कारभार देहरादूनच्या भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषदेकडे आहे. वन विभाग अवनत जमिनीचे तुकडे नोंदवतो, तुम्ही संकेतस्थळावर तुकडा निवडता, मागणीपत्राप्रमाणे पैसे भरता, लागवड वन विभाग करतो. फेब्रुवारी २०२४ च्या पद्धतीत हेक्टरी किमान ११०० झाडे आणि झाडाला एक क्रेडिट असा हिशेब होता. टीका झाल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये तो बदलला : पाच वर्षे पूर्ण झाल्यावर, ४० टक्के छत्र-घनता (पानोऱ्याने झाकलेली जमीन) आली तरच, आणि पाच वर्षांहून मोठ्या झाडांनाच क्रेडिट. क्रेडिट एकदाच वापरता येते आणि कंपनी व तिच्या उपकंपनीखेरीज इतरांना देता येत नाही. त्यामुळे ‘घेऊन ठेवू, भाव आला की विकू’ असे कोणी सुचवत असेल तर तो सल्ला चुकीचा आहे.

तपासायची मुख्य गोष्ट जमीन. ‘अवनत’ या शब्दात विरळ वन, झुडपी रान, पडीक असे सगळे येते. महाराष्ट्रात सोलापूर-नगरकडचा माळ हा तणमोर, लांडगा, खोकड आणि चिंकारा यांचे घर आहे. कोकणातला सडा पावसाळ्यात फुलतो. तिथे हेक्टरी ११०० झाडे ही दुरुस्ती नसून नुकसान आहे, आणि ४० टक्के छत्र-घनतेची अट ते नुकसान पक्के करते. म्हणून तुकडा निवडण्याआधी तीन गोष्टी करा : पावसाळ्यात एकदा आणि मार्चमध्ये एकदा जागा स्थानिक वनस्पती-अभ्यासकाबरोबर पाहा, गावाला चराईबद्दल विचारा, आणि झाडांची जुनी खोडे-फुटवे आहेत का ते बघा. तोडलेल्या जंगलाचे फुटवे असतील तर ती जागा खरोखर जंगलाची. मग लागवडीपेक्षा चराईबंदी, जाळरेषा आणि फुटवे राखणे यांवर पैसे घाला. गवत आणि कंदच असतील तर दुसरा तुकडा निवडा.

ज्याची भरपाईच होऊ शकत नाही असे काही असते का?
– वाचक, गिरगाव

असते. सिंधुदुर्गात बांबर्डे इथली रानजायफळाची दलदल पाहा : बारमाही झरा, त्यात गुडघ्यासारखी मुळे बाहेर काढून उभी झाडे. महाराष्ट्रात अशी जागा पुन्हा बनवता येत नाही, म्हणून ती जैवविविधता वारसा स्थळ घोषित झाली आहे. इंग्लंडच्या नियमांतही प्राचीन वने या हिशेबातून बाहेर ठेवली आहेत. अशा जागेला गुणक विचारायचा नाही, नकार द्यायचा.

कागदावरची पर्यायी लागवड खरी आहे का, हे सामान्य माणूस कसे तपासेल?
– निसर्गप्रेमी गट, बोरिवली

वनजमिनीच्या प्रत्येक प्रस्तावाचे कागद ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर असतात. प्रकल्पाच्या नावाने शोधा आणि बदली जमिनीची केएमएल फाइल (तिची हद्द दाखवणारी नकाशा-फाइल) उतरवून गूगल अर्थमध्ये उघडा. जुन्या वर्षांची उपग्रह-चित्रे मागे मागे नेत पाहा. जागा दहा वर्षांपूर्वीही तितकीच हिरवी असेल, तर भरपाई नवी नाही. हद्दीत तलाव, शेत किंवा उघडा कातळ येतो का, आणि तोच तुकडा दुसऱ्या प्रकल्पालाही दाखवला आहे का, ते बघा. तत्त्वतः मंजुरी आणि अंतिम मंजुरी यांमधला काळ हरकतीसाठी सर्वात उपयोगी, कारण अटींची पूर्तता तेव्हाच तपासली जाते.

मग माहिती अधिकारात उपवनसंरक्षक कार्यालयाकडे त्या जागेच्या रोपवन नोंदवहीची प्रत मागा. तिच्यात लागवडीचे वर्ष, जाती, अंतर, मेलेल्या रोपांच्या जागी केलेली लागवड आणि देखभालीचा खर्च असतो. परवानगी घेऊन जागेवर जा. तीन मीटर अंतराने लावले असेल तर हेक्टरी सुमारे ११०० रोपे, म्हणजे २० बाय २० मीटरच्या चौकटीत ४४. अशा दहा चौकटी नकाशावर आधीच ठरवून घ्या. रस्त्याकडेच्या रोपांना पाणी मिळालेले असते, म्हणून तिथे थांबू नका. प्रत्येक चौकटीत जिवंत रोपे, त्यांच्या जाती आणि उंची लिहा, नुसते खड्डे मोजू नका. मोजणी मे महिन्यात करा. ऑगस्टमध्ये सगळीच रोपवने जिवंत दिसतात.